सें-लाझार स्थानकामागची उडी

आन्री कार्तिए-ब्रेसाँ यांचे पॅरिसमधील १९३२चे हे छायाचित्र पाहा. साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारतो आहे. टाच अजून टेकलेली नाही. सगळे याला ‘क्षण पकडणे’ म्हणतात. मला ते अपुरे वाटते. टाच आणि तिचे प्रतिबिंब यांमधली बारीक फट बोटाने झाका, ताण लगेच जातो. मागच्या पोस्टरवरची नर्तकीही उडीतच आहे, पण उलट दिशेला. माणूस मात्र अस्पष्ट, चेहराही दिसत नाही. महाविद्यालयीन स्पर्धेत आपण असा फोटो पहिल्याच फेरीत बाद केला असता! कुंपणाच्या फटीतून टिपल्याने डावी कड अडली होती, ती नंतर कापली. एरवी त्यांना चौकट कापणे मुळीच मान्य नसे.