अध्यापकाची विद्या व विद्यार्थ्याचे ज्ञान : रे. हिस्लॉप यांच्या एका ग्रंथाच्या निमित्ताने

महाविद्यालयातील अध्यापकाने संशोधन करावे की मुलांस मन लावून शिकवावे, हा वाद आपल्याकडे वरचेवर निघतो. एका पक्षाचे म्हणणे असे की, जो स्वतः नवे काही शोधीत नाही तो दुसऱ्यास काय शिकविणार ? दुसरा पक्ष म्हणतो की, ग्रंथ लिहिणारा गुरू ग्रंथातच बुडून जातो आणि शिष्य कोरडा राहतो. दोन्ही पक्षांत तथ्य आहे; पण दोघेही एक प्रश्न विचारावयाचे विसरतात. तो असा की, अध्यापकाचे संशोधन कोणत्या जातीचे आहे ? हा प्रश्न तपासून पाहण्यास आम्ही एक जुना ग्रंथ पुढे घेतला आहे. वऱ्हाड-नागपूरच्या वाचकास, आणि विशेषेकरून आर्णीच्या आसपास गोंड व कोलाम वस्तीच्या शेजारी राहणाऱ्यास, तो परका वाटण्याचे कारण नाही.

ज्यांच्या नावाने नागपुरास १८८३ साली हिस्लॉप महाविद्यालय स्थापन झाले ते रे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरास आले व लौकरच त्यांनी तेथे शाळा काढली. शाळा, धर्मोपदेश आणि भूगर्भशास्त्र असा त्यांचा तिहेरी व्यवसाय होता. सहकारी रे. रॉबर्ट हंटर यांच्यासह नागपूरच्या परिसरातील खडक व जीवाश्म ह्यांवर लिहिलेला त्यांचा निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकात १८५५ साली प्रसिद्ध झाला. मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन ओवेनसारख्या पंडिताने त्याच साली केले. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून हिस्लॉप वारले. त्यांच्या मागे राहिलेली हस्तलिखिते मध्यप्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांनी टीपा व प्रस्तावना जोडून १८६६ साली छापविली. मध्यप्रांतातील आदिवासी जमातींविषयीचा तोच हा ग्रंथ होय.

ग्रंथाचे तीन भाग आहेत. पहिला जमातींच्या वर्णनाचा निबंध, दुसरा निरनिराळ्या बोलींच्या शब्दांचे कोष्टक, आणि तिसरा गोंडांची गीते. ह्या गीतांत लिंगोचा जन्म, गोंडांचा बंदिवास आणि लिंगोने केलेली त्यांची सुटका ही कथा येते. मूळ गोंडी शब्द रोमन लिपीत देऊन त्यांखाली शब्दशः इंग्रजी अर्थ दिला आहे. भाषांतर रुक्ष आहे. त्यात काव्य शोधू जाणाऱ्याची निराशाच होईल. पुढे १८७१ साली कॅप्टन फॉरसाइथ यांनी मध्य हिंदुस्थानातील डोंगराळ प्रदेशावरील आपल्या पुस्तकात हीच कथा सुबक इंग्रजी पद्यात घातली. ती वाचावयास गोड लागते. परंतु गोड काय झाले आणि काय गळाले, हे फॉरसाइथ यांच्या वाचकास कळावयाचे असेल तर त्याने हिस्लॉप यांच्या रुक्ष पानांकडेच परतले पाहिजे. रुक्षतेचा हा केवढा मोठा गुण !

आता दोष पाहू. निबंधात गोंडांच्या साडेबारा जाती सांगितल्या आहेत व त्यांत कोलामांस गणले आहे. ही गणना चुकीची आहे. कोलामी ही गोंडीची पोटबोली नसून द्राविड कुळातील एक स्वतंत्र भाषा आहे, हे पुढील भाषापंडितांनी ठरविले. वर्ध्याकडील कोलामीवर एमेनो यांचा सविस्तर ग्रंथ १९५५ साली निघाला. पण मौज अशी की, हिस्लॉप यांच्याच शब्दकोष्टकात कोलामीचे शब्द गोंडीहून वेगळे दिलेले आहेत. म्हणजे पहिल्या भागातील मत खोडावयाचे साधन दुसऱ्या भागात ग्रंथकारानेच वाचकाच्या हाती ठेवले आहे. दुसरा दोष अधिक बोचणारा आहे. ज्या परधानांच्या कंठात ही गीते पिढ्यान्‌पिढ्या राहिली, त्यांतील गाणाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर नाही. तेथे मिशनरी व अधिकारी असे दोघेच आहेत. गीत ज्याचे, कीर्ती मात्र लिहून घेणाराची, हा न्याय आजच्या वाचकास मानवणार नाही.

मिशनऱ्याची विद्या ही धर्मांतराच्या हेतूने डागाळलेली, म्हणून त्याज्य, असा आक्षेप कोणी घेईल. हेतू नाकारण्यात अर्थ नाही. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन, ज्यांच्या १८३२ च्या शाळेतून विल्सन कॉलेज वाढले, त्यांचा पारशी धर्मावरील १८४३ चा ग्रंथ तर उघडउघड वादविवादाचाच आहे. त्यात पांडित्य आहे, पण ते खंडनाच्या कामास जुंपलेले आहे. मात्र हेतूवरून ग्रंथाची किंमत ठरवू लागलो, तर शुद्ध हेतूचे किती ग्रंथ उरतील ? आमच्या मते कसोटी वेगळी असावी. आपणांस विरोध करण्यास लागणारी सामग्री लेखक वाचकास देतो की लपवितो, हे पाहावे. त्या कसोटीस विल्सन यांच्याहून हिस्लॉप अधिक उतरतात.

हीच कसोटी वर्गासही लागू पडते. जो अध्यापक केवळ निष्कर्ष सांगतो त्याचे विद्यार्थी परीक्षा उतरतात. जो निष्कर्षाबरोबर साधनेही पुढे मांडतो, त्याचे विद्यार्थी प्रसंगी त्याच्याही पुढे जातात. पहिल्या जातीचे संशोधन शिकवण्याच्या आड येते, दुसऱ्या जातीचे संशोधन म्हणजे शिकवणेच होय. म्हणून आरंभीच्या वादास आमचे उत्तर असे की, संशोधन व अध्यापन यांत वैर नाही. वैर आहे ते दाखविण्यापुरत्या संशोधनाचे व पाठांतराचे, आणि खरे पाहता ती दोघे सख्खी भावंडे आहेत.

ह्याचा अनुभव आपण घेतच आहो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांच्या निबंधांस गुणांक लावण्याची पद्धत आणली. २०१८ साली ती पुष्कळ बदलली. परंतु निबंध मोजावयाची लागलेली सवय नियम बदलल्याने जात नसते. संख्या वाढली, पण अरुणावती-पैनगंगेच्या खोऱ्यातील कोलामीची किती गीते मूळ शब्दांसह उतरून निघाली, असे विचारले तर मान खाली घालावी लागेल. गोंडीस अद्याप राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान नाही, आणि शाळेची पायरी चढलेले पोर आजीची भाषा घरी ठेवून येते. जे काम एका परदेशी माणसाने पायी हिंडून आरंभिले, ते येथील महाविद्यालयांस अवघड असण्याचे काही कारण नाही. वर्गातील एखादी गोंड किंवा कोलाम मुलगी आपल्या आजीचे एक गीत उतरून आणील, अध्यापक तिच्या शेजारी बसून शब्दाशब्दाचा अर्थ लावील, आणि वर आजीचे नाव लिहिले जाईल, तर त्या एका पानात हिस्लॉप यांचा गुणही येईल व त्यांची उणीवही भरून निघेल.

सारांश, हा ग्रंथ पूज्य मानून कपाटात ठेवण्याजोगा नाही, व परक्याचा म्हणून टाकून देण्याजोगाही नाही. तो तपासण्याजोगा आहे. ज्या ग्रंथाचा दोष त्याच ग्रंथाच्या आधारे दाखविता येतो, त्या ग्रंथाने वाचकास काही शिकविले असेच म्हटले पाहिजे. आणि अध्यापकाविषयीही ह्याहून मोठे प्रशस्तिपत्र आम्हांस ठाऊक नाही.