‘जास्त झालं’ म्हणजे नेमकं काय झालं? : लेनर्ड कोहेनचा एक अल्बम आणि त्याचे श्रोते

मागच्या दोन व्याख्यानांत आपण अभिरुचीच्या प्रश्नाची तात्त्विक बाजू पाहिली. आज एक प्रत्यक्ष खटला घेऊ. गाणं स्वतः लिहून स्वतःच गाणारा एखादा कवी एक दिवस भरगच्च वाद्यमेळ घेऊन येतो. त्याचे जुने श्रोते म्हणतात, ‘जास्त झालं.’ हे दर दोन-तीन महिन्यांनी कुठे ना कुठे घडतंच. प्रश्न असा, की ‘जास्त झालं’ या दोन शब्दांत नेमका कोणता दावा आहे? आणि तो तपासता येतो का?

उदाहरण म्हणून मी लेनर्ड कोहेन निवडलाय. जन्म १९३४, मॉन्ट्रियल. आधी कवी, मग कादंबरीकार, आणि पहिला अल्बम आला १९६७च्या डिसेंबरात, वयाच्या ३३व्या वर्षी. आवाजाचा पल्ला बेताचा, हातात नायलॉनच्या तारांची गिटार, आणि सगळा भर शब्दांवर. आपल्याकडे यशवंत देवांमुळे ‘शब्दप्रधान गायकी’ ही संज्ञा रुळलेली आहे. ती डोळ्यांपुढे ठेवली तर कोहेनच्या श्रोत्याला काय हवं होतं हे मराठी माणसाला चटकन कळेल.

असा हा माणूस १९७७ साली ‘डेथ ऑफ अ लेडीज मॅन’ हा अल्बम घेऊन आला. निर्माता होता फिल स्पेक्टर. शब्द कोहेनचे, चाली स्पेक्टरच्या, एकूण गाणी आठ. एका गाण्यात तर मागे आवाज द्यायला बॉब डिलन आणि कवी ॲलन गिन्सबर्ग होते.

स्पेक्टरची पद्धत ‘वॉल ऑफ साउंड’ म्हणून ओळखली जाते. आपण तिला आवाजाची भिंत म्हणू. एकच सुरावट दोन-तीन पियानो, चार-पाच गिटारी एकदम वाजवणार. हे सगळं एका छोट्या स्टुडिओत, आणि तो आवाज प्रतिध्वनीच्या खोलीत सोडून परत घ्यायचा. मग कोणतंही वाद्य सुटं ऐकू येत नाही, एक सलग लाट येते. १९६३च्या ‘बी माय बेबी’त ती पद्धत अप्रतिम चालली. तिथे शब्द थोडे होते, भावना एकच होती आणि गाणाऱ्या मुलीचा आवाज ती लाट फोडून वर येणारा होता. कोहेनचं तसं नव्हतं. शब्द पुष्कळ, भावना दुपेडी-तिपेडी, आणि आवाज जमिनीलगत चालणारा.

अल्बमबद्दल तेव्हापासून आजवर जी मतं ऐकू येतात, त्यांचे ढोबळ तीन गट करता येतील. पहिला म्हणतो, गाणं झाकलं गेलं, माणूस ऐकूच येत नाही. दुसरा म्हणतो, हा आमचा कोहेन नव्हे, हा स्पेक्टरचा अल्बम आहे. तिसरा गट बराचसा नंतरचा. तो म्हणतो, हा अतिरेक मुद्दाम आहे, कारण विषयच अतिरेकाचा आहे. एकेक मत घेऊ.

पहिलं मत. ह्यूमच्या १७५७च्या निबंधातली ‘डॉन किहोते’मधली गोष्ट आपण पाहिली होती. दोन जाणकार एका पिंपातली दारू चाखतात. एक म्हणतो, छान आहे, पण किंचित चामड्याची चव येते. दुसरा म्हणतो, लोखंडाची येते. लोक दोघांना हसतात. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी एक किल्ली सापडते, चामड्याचा पट्टा बांधलेली.

आता गंमत बघा. या अल्बमच्या बाबतीत अशी किल्ली खरोखरच सापडली. कोहेनचा आवाज थकलेला, चाचपडणारा वाटतो, असं अनेक श्रोत्यांचं म्हणणं होतं. पुढे कोहेनने मुलाखतींत सांगितलं, की त्यातलं बरंचसं गायन कच्चं होतं. वादकांना अंदाज यावा म्हणून गायचं आणि नंतर नीट रेकॉर्ड करायचं, अशा समजुतीने तो गायला होता. पण स्पेक्टर टेप रोज घरी नेत असे, आणि शेवटचं मिश्रण त्याने कोहेनला बाजूला ठेवूनच केलं. म्हणजे ज्यांच्या जिभेला चामडं लागलं, त्यांची जीभ खोटी नव्हती.

पण इथे थोडं थांबायला हवं. किल्लीने सिद्ध काय होतं? पिंपात चामडं होतं एवढंच. दारू वाईट होती हे सिद्ध होत नाही; ते दोघेही ती चांगलीच म्हणत होते! कच्चं गायन कधी कधी पक्क्यापेक्षा खरं उतरतं, हे कोणताही गायक सांगेल. तेव्हा पहिल्या गटाचं निरीक्षण बरोबर, पण निरीक्षणावरून निवाड्यावर जाताना मधली एक पायरी त्यांनी गाळली. आवाज मागे राहिल्यामुळे त्या त्या गाण्यात काय हरवलं, हे त्यांनी सांगायला हवं होतं.

दुसरं मत: ‘हा आमचा कोहेन नव्हे.’ यात ‘आमचा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रेमातून आलेला आहे, मान्य. पण या निष्ठेचं कधी कधी मालकीहक्कात रूपांतर होतं. साधेपणा हाच कोहेनचा गाभा होता का? पहिल्याच अल्बमात तंतुवाद्यं आहेत, बायकांचे आवाज आहेत, आणि त्या सजावटीवरून त्याचे तेव्हाच्या निर्मात्याशी खटकेही उडाले होते. उलट १९८८चा ‘आय ॲम युअर मॅन’ घ्या. सिंथेसायझर, यांत्रिक ताल, सगळा कृत्रिम सरंजाम. तो मात्र श्रोत्यांनी उचलून धरला. तेव्हा वाद्यं किती आणि कोणती, हा गुन्ह्याचा पुरावा होऊ शकत नाही.

या दुसऱ्या मताला एक पोटमत आहे. रेकॉर्डिंगच्या काळात स्पेक्टरने मानेला पिस्तूल लावलं होतं, असं कोहेनने सांगितलं आहे. पुढे २००३ साली स्पेक्टरच्या घरी एका अभिनेत्रीचा गोळी लागून मृत्यू झाला, २००९ला खुनाबद्दल तो दोषी ठरला, आणि २०२१ला कैदेतच वारला. हे कळल्यावर अल्बम पहिल्यासारखा ऐकता येत नाही, आणि यावा असा माझा आग्रहही नाही. नैतिक अस्वस्थता खरी असते. फक्त ती अस्वस्थता म्हणजे ‘तंतुवाद्यं जास्त झाली’ या विधानाचा पुरावा नव्हे. एखादी वस्तू कशी जन्मली यावरून तिची गुणवत्ता ठरवणं, हा तर्कशास्त्रातला जुना दोष आहे.

मग अल्बम कोणाचा? कोहेनने स्वतः त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती, पण कर्त्याचा निवाडा अंतिम मानायचं कारण नाही. इथे आपल्या मातीतला एक धागा येतो. १९९९ साली कोहेन मुंबईला आला तो रमेश बाळसेकरांच्या सत्संगासाठी. बाळसेकर म्हणजे बँक ऑफ इंडियाचे माजी प्रमुख आणि निसर्गदत्त महाराजांच्या मराठी निरूपणांचे इंग्रजी दुभाषी. बाळसेकरांच्या शिकवणीचा गाभा असा, की कर्म घडतं, कर्ता मात्र कोणी नसतो. हे अध्यात्म समीक्षेला जसंच्या तसं लावू नये, नाहीतर कोणालाच नावं ठेवता येणार नाहीत आणि आमचा धंदाच बसेल. पण एक गोष्ट त्यातून घ्यावी. कर्ता कोण या भांडणातून बाहेर पडलं की जे घडलंय त्याकडे बघायला सवड मिळते.

तिसरं मत सगळ्यांत हुशार, म्हणून त्यापासून जास्त सावध राहायला हवं. बाईलवेड्या माणसाच्या अधःपाताची गाणी आहेत, तेव्हा संगीतही फुगलेलं असणारच, असा हा युक्तिवाद. पण कंटाळ्यावरची कादंबरी कंटाळवाणी असून चालतं का? गोंधळाचं चित्रण गोंधळलेलं असावं लागत नाही. विषयाकडे बोट दाखवून कोणतीही बेशिस्त माफ होऊ लागली, तर टीकेला जागाच उरणार नाही.

मग कसोटी कोणती? कांट १७९०च्या ग्रंथात चित्राच्या चौकटीचं उदाहरण देतो. चौकट चित्राच्या आकाराशी एकरूप असेल तर सौंदर्यात भर घालते. नुसती सोनेरी मुलाम्याने लक्ष वेधत असेल, तर ती शोभेची वस्तू होते आणि सौंदर्याला बाधा आणते. त्याच्या कितीतरी आधी, नवव्या शतकात, काश्मीरच्या आनंदवर्धनाने याहून काटेकोर शब्द दिला: अपृथग्यत्ननिर्वर्त्य. रस साधतानाच जो अलंकार सिद्ध होतो, ज्याच्यासाठी वेगळा यत्न करावा लागत नाही, तोच खरा अलंकार. दागिने किती, हे तो विचारत नाही. ते रसाच्या ओघात आले की वरून चढवले, हे विचारतो.

ही कसोटी लावून दोन गाणी ऐकू. ‘पेपर थिन हॉटेल’मध्ये एक माणूस हॉटेलच्या पातळ भिंतीपलीकडून आपल्या प्रेयसीचा दुसऱ्याबरोबरचा शृंगार ऐकतोय, आणि मत्सराऐवजी त्याला हलकं वाटतंय. सगळं नाट्य पातळ भिंतीचं आहे. कान लावून ऐकावं लागणारं. आणि आपल्याला मिळते काय, तर आवाजाची जाड भिंत. नायकाला जे ऐकू येतं ते आपल्याला येत नाही. इथे वाद्यमेळ जास्त झाला, आणि काय हरवलं हेही सांगता आलं: ती चोरून ऐकण्याची शांतता.

आता ‘मेमरीज’. शाळेतल्या नाचाच्या संध्याकाळी एक पोरगा सगळ्यांत उंच, सोनेरी केसांच्या मुलीकडे एक निर्लज्ज मागणी करतो, आणि ती नेमकी तेवढीच नाकारते. मागणी पोरकट, संगीत मात्र देवळाच्या घंटा वाजाव्यात तसं प्रचंड. हसू येतं ते या विषमतेमुळेच. शिवाय स्पेक्टरचा हा ध्वनी म्हणजे अमेरिकी पोरवयातल्या प्रेमगीतांचाच ध्वनी. आठवणीला आठवणीचा आवाज मिळालाय. इथे तो वेगळ्या यत्नाने आणलेला वाटत नाही. कोहेन हे गाणं १९७९च्या दौऱ्यात गात होता. ते रेकॉर्डिंग २००१ साली निघालं. तिथेही वादकांचा ताफा मोठाच आहे, फक्त आवाज पुढे आहे आणि थट्टा जास्त उघड. दोन्ही ऐका. एकाने दुसरं खोटं ठरत नाही.

हा शेवटचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. सजावट खरवडली की खाली ‘खरं’ गाणं सापडेल, अशी आपली समजूत असते. बीटल्सच्या ‘लेट इट बी’वर स्पेक्टरने १९७०मध्ये चढवलेला वाद्यवृंद उतरवून २००३ साली नवी आवृत्ती काढली गेली. ती अनेकांना आवडली, पण ती ‘मूळ’ नाही, आणखी एक आवृत्ती आहे. तिच्यातही कुणीतरी निवड केलीच आहे. साधेपणा हीसुद्धा एक सजावट असते, हे विसरलो की आपण गरीब दिसणाऱ्या गाण्याला आपोआप प्रामाणिक ठरवतो.

माझा निवाडा विचाराल तर हा अल्बम बहुतांशी फसलेला आहे. ‘मेमरीज’ आणि नऊ मिनिटांचं शीर्षकगीत ही दोन गाणी मी त्यातून वाचवीन. शीर्षकगीतात वाद्यं घाई करत नाहीत, शब्दांना वाट देतात. पण मला निवाड्यापेक्षा रीत महत्त्वाची वाटते. ‘मला आवडलं नाही’ एवढं म्हणून थांबणाऱ्याशी वाद नाही, ती त्याची आवड. ‘गाणं बिघडलं’ म्हटलंत की तुम्ही इतरांचीही संमती मागता, कांटचा मुद्दा हाच होता. मग बोट ठेवून दाखवायची जबाबदारी येते: अमुक गाणं, अमुक जागा, इथे हे हरवलं. एका कवीने वयाच्या ४३व्या वर्षी आपली सवय मोडून पाहिली. ती धडपड एका शब्दात निकाली काढण्याआधी तिला एवढा वेळ द्यायला हरकत नाही.

इथे थांबतो. शीर्षकगीताबद्दल ज्यांचं मत वेगळं असेल त्यांनी आधी बोलावं.