रेडा बोलला नसता तर?

गेल्या वर्षी बी. ए.च्या वर्गात मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग शिकवीत होतो. पार्श्वभूमी म्हणून आळंदीच्या चार भावंडांची कथा सांगितली. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, मुले पोरकी झाली, पैठणच्या ब्रह्मसभेपुढे उभी राहिली, रेड्याच्या तोंडून वेद वदविले गेले आणि शुद्धिपत्र मिळाले. मी पुढच्या मुद्द्याकडे वळणार तोच मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. हंगामाचे सहा महिने धाकट्या दोन भावंडांना सांभाळत ती एकटी गावात राहते. तिने विचारले, "सर, रेडा बोलला नसता तर त्या पोरांचं काय झालं असतं?" वर्ग हसला. मला हसू आले नाही आणि उत्तरही देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा सुचलेले उत्तर आहे.

हे चमत्कार खरे की खोटे, हा वाद मला येथे घालायचा नाही. रेडा वेद म्हणत नाही आणि भिंत चालत नाही, हे सांगायला समीक्षक लागत नाही. परंतु कथा खोटी असली तरी कथा सांगण्याची गरज खरी असते. ज्ञानेश्वरीत यांपैकी एकही चमत्कार नाही. नामदेवांच्या नावावरील चरित्रपर अभंगांतून, पुढे महिपतींच्या 'भक्तविजय'सारख्या (1762) ग्रंथांतून आणि त्यानंतर दामले-फत्तेलालांच्या 1940 सालच्या 'संत ज्ञानेश्वर' या प्रभातच्या बोलपटातून ते मराठी मनात रुजले. समाजाने ज्या मुलांना वाळीत टाकले त्यांच्याविषयी समाज पुढे शेकडो वर्षे काय सांगत राहिला, हा खरा वाङ्मयीन प्रश्न आहे.

कथेतील चमत्कार क्षणभर बाजूला काढा. जे उरते ते आपल्या ओळखीचे आहे. संन्यास सोडून घरी परतलेल्या विठ्ठलपंतांना जातीने बाहेर काढले. मुंज नाही, भिक्षा नाही, पंगत नाही. धर्मशास्त्राने सांगितलेले प्रायश्चित्त म्हणजे मरण. ते नवराबायकोने पत्करले आणि मागे राहिली चार पोरे. मुक्ताबाईंना मांडे करावयाचे होते, तर विसोबा चाटीने कुंभाराला दम दिला, की यांना खापर द्यायचे नाही. पुढे काय झाले ते आपण ऐकलेले असते : ज्ञानदेवांनी योगाने जठराग्नी चेतविला आणि तापलेल्या पाठीवर बहिणीने मांडे भाजले. कीर्तनात येथे टाळ्या पडतात. आमच्या गावच्या सप्ताहात लाऊडस्पीकरवरून ही कथा आमच्या वस्तीपर्यंत ऐकू येई. माझी आजी तेव्हा एवढेच म्हणे, "खापर दिलं न्हाई म्हंजी बंदी घातली व्हती की." तिने गिरणी बंद झालेली पाहिली होती, दुकान बंद झालेले पाहिले होते, मजुरी बंद झालेली पाहिली होती. कीर्तनकाराला जिथे योगसामर्थ्य दिसत होते तिथे तिला बहिष्कार दिसत होता. माझ्या मते आजीचे वाचन अधिक शास्त्रशुद्ध होते.

आता पैठणचा प्रसंग पाहा. कोणीतरी कुत्सितपणे म्हणतो, नावात काय आहे, त्या रेड्याचेही नाव ज्ञाना आहे. ज्ञानदेव म्हणतात, त्याच्यात आणि माझ्यात भेद नाही. मग रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला जातो आणि वळ या मुलाच्या पाठीवर उठतात. मला सबंध कथेतला हा सर्वांत मोठा क्षण वाटतो. दुसऱ्याच्या पाठीवरचा मार आपल्या पाठीवर उमटणे, याहून मोठी मानवी शक्ती कोणती? परंतु कथा येथे संपत नाही. ब्रह्मसभेला हे वळ पुरेसे वाटत नाहीत. तिला वेद हवे असतात. रेडा वेद म्हणतो तेव्हाच ती सभा नमते. म्हणजे पुरावा मागणारेही तेच, पुराव्याची भाषाही त्यांचीच. रेड्याने स्वतःच्या भाषेत हंबरडा फोडला असता तर शुद्धिपत्र मिळाले नसते. आणि ज्या व्यवस्थेने आईबापांचा जीव घेतला तिच्याकडूनच शुद्ध असल्याचा कागद घ्यावयाचा, यात कथेला काहीच खटकत नाही. काही कथनांत तर मुलांनी ब्रह्मचारी राहावे अशी अटही येते. कागद मिळाला, वंश मात्र थांबला. जातीचा प्राण जातीअंतर्गत विवाहात आहे, हे बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात दाखवून दिले होते. ही अट त्या सिद्धान्ताचे उदाहरण म्हणून शोभावी.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावयास हवा. ज्ञानदेवांनी स्वतः लिहिलेल्या ग्रंथात वेदाविषयी काय म्हटले आहे? अठराव्या अध्यायात ते वेदाला कृपण म्हणतात. तो तीनच वर्णांच्या कानी लागला, स्त्रीशूद्रांना त्याने दूर ठेवले, असा दोष देतात. त्या उणिवेची भरपाई गीतेने केली, असे त्यांचे म्हणणे आहे. हे म्हणणे आपल्याला पुरेसे नाही. त्याच ग्रंथात वर्णविहित स्वधर्माचे समर्थनही आहे, हेही आपण विसरत नाही. परंतु वेदाला कंजूष म्हणणाऱ्या माणसाच्या चरित्रात वेद हीच परीक्षा ठेवणे, हे चरित्रकारांचे काम आहे. बंडाची धार चमत्काराने बोथट केली जाते ती अशी.

आता याच कालखंडातले दुसरे घर पाहू. मंगळवेढ्याचे चोखोबा, सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा. या घराभोवतीही चमत्कारकथा आहेत. चोखोबांना बैलांना जुंपून ओढण्याची शिक्षा होते तेव्हा बैल जागचे हलत नाहीत. सोयराबाईंच्या बाळंतपणाला देव नणंदेच्या रूपाने येतो. परंतु दोन्ही घरांतल्या चमत्कारांची जात वेगळी आहे. आळंदीच्या मुलांच्या कथेत शक्ती मुलांच्या स्वतःच्या हाती आहे. ज्ञानदेव रेड्याच्या मस्तकावर हात ठेवतात, भिंतीला चालवतात, चौदाशे वर्षांच्या चांगदेवाचा गर्व हरण करतात. महाराच्या कथेत शक्ती देवाकडेच राहते. चोखोबांच्या वाट्याला कृपा येते, सामर्थ्य येत नाही. म्हणजे अद्भुताची वाटणीही वर्णाप्रमाणेच झाली. आणि शेवट पाहा. आळंदीला भिंत चालली असे सांगतात. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना 1338 साली भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर तिच्याखाली गाडले गेले. त्या दिवशी कोणताही देव भिंत धरायला आला नाही. पहिली भिंत आख्यायिका आहे, दुसरी आपला इतिहास आहे.

कर्ममेळाकडे रेडा नव्हता, भिंत नव्हती. त्याच्याकडे प्रश्न होता. आम्हाला हीन का केलेस, असे तो देवाला तोंडावर विचारतो. कृपेबद्दल आभार मानण्याच्या परंपरेत हा मुलगा हिशेब मागतो. मराठी समीक्षेने त्याला बापाच्या पोटात एखाद्या परिच्छेदात बसविले, ही आपल्या अभ्यासक्रमांची शोकांतिका आहे.

वडीलधाऱ्यांशिवाय वाट काढणाऱ्या मुलांची, पण चमत्कार नसलेली एक कथा आपल्याकडे आहे. ती बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने ती 1990 साली पुस्तिकारूपाने आली. साल 1901. आई वारलेली. वडील कोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल. भीमराव, त्यांचा थोरला भाऊ आणि भाचेमंडळी साताऱ्याहून निघून मसूर स्टेशनावर उतरतात. अंगावर नवे कपडे, मनात उत्साह. पत्र वेळेवर न पोचल्यामुळे घ्यायला कोणी आलेले नाही. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो. महार हा शब्द कानी पडताच त्याचा चेहरा बदलतो. गाडीवान दुप्पट भाडे घेऊनही तयार होत नाहीत. शेवटी एकजण कबूल होतो तो या अटीवर, की पोरांनी गाडी हाकावी आणि त्याने बाजूने चालावे. डब्यात अन्न आहे, पण प्यायला पाणी नाही. टोलनाक्यावर मुसलमान असल्याचे सांगूनही पाणी मिळत नाही. रात्र तशीच उपाशी जाते.

या कथेत कोणीही विहिरीला हाक मारीत नाही आणि पाणी वर येत नाही. गाडीवानाचे हृदयपरिवर्तन होत नाही. मुलगा फक्त पाहतो, लक्षात ठेवतो आणि पस्तीसेक वर्षांनी लिहितो. मी या मजकुराला मराठी माणसाच्या बालपणाविषयीचे एक श्रेष्ठ लेखन मानतो, कारण ते तहानेला तहानच राहू देते. आपल्या आत्मकथनांचे मूळ येथे आहे. माणूस म्हणून पाणी मागण्यासाठी असामान्य असावे लागत नाही, हे मूल्य येथे प्रथम इतक्या स्वच्छपणे मांडले गेले.

परंतु मित्रहो, येथे आपल्यालाही स्वतःकडे पाहिले पाहिजे. आपण या मुलाचे काय केले? जयंतीच्या व्यासपीठांवरून आपण त्याला चमत्कारी बालक करून टाकले. अठरा तास अभ्यास, पदव्यांची यादी, जगात असा दुसरा नाही. मीही अशी भाषणे केली आहेत. त्यात खोटे काही नसते, पण ऐकणाऱ्या पोराच्या मनात काय पोचते? आपल्याला न्याय हवा असेल तर आधी रेडा बोलवावा लागेल, हेच पोचते. प्रस्थापितांची भाषा वेगळी नाही. माझ्या घरात मीच पहिला पदवीधर. नोकरीला लागलो तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी कौतुकाने म्हणाले, "तुम्ही अपवाद आहात हो." मी त्या दिवशी खूष झालो, हे लपवीत नाही. ते शुद्धिपत्र होते हे मला फार उशिरा कळले. मला अपवाद ठरवून त्यांनी माझ्या भावाला, माझ्या वस्तीला नियम ठरविले होते. गुणवत्ता हा आजचा वेद आहे. आणि तो आमच्या तोंडून ऐकला तरी सभा लगेच दुसरा रेडा आणायला सांगते.

मुक्ताबाईंकडे परत येतो, कारण वर्गात विषय त्यांचा होता. लोकांनी अपमान केला म्हणून ज्ञानदेव ताटी लावून आत बसतात, असे परंपरा सांगते. तेव्हा धाकटी बहीण दाराशी उभी राहून त्यांची समजूत काढते. त्या अभंगांत एकही चमत्कार नाही. दार बंद आहे आणि बाहेर उभी असलेली बहीण शब्दांनी ते उघडविते. जगाचा राग संतांनी सोसावा, हा तिचा उपदेश मला मान्य नाही. आपली पिढी सोसण्याचा धडा पुन्हा गिरविणार नाही. पण पोरक्या भावंडांना शेवटी एकमेकांनीच तारले, योगसिद्धीने नव्हे, ही खूण त्या अभंगांनी जपून ठेवली आहे.

तर त्या मुलीला माझे उत्तर असे. रेडा बोललाच नव्हता. ती पोरे जगली ती एकमेकांच्या आधाराने. आणि त्यांना घातलेली बंदी कोणत्याही चमत्काराआधीच अन्याय्य होती. तुझ्या घरातली चूल तू सहा महिने पेटती ठेवतेस, ती कुणाच्या पाठीवर नाही, काटक्यांवर पेटते. तुला कोणतेही शुद्धिपत्र मिळवायचे नाही. ते देणाऱ्या सभेला तो अधिकार कोणी दिला, एवढे विचार. कर्ममेळाने विचारले होते.