डायरीची पाने आणि ओसरीवरची मुले

पांढुर्णा आणि सौसर या आमच्या दोन तालुक्यांतल्या मराठी घरांत एकच गोष्ट दोनदा वाचली जाते. एकदा शाळेत हिंदीतून, एकदा घरी मराठीतून. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून वेगळा जिल्हा झाला. ही रीत मात्र होती तशीच आहे. बारावीच्या ‘वितान’ या हिंदी पुस्तकाच्या दुसऱ्या भागात अनेक वर्षे दोन पाठ एकत्र नांदत होते. आनंद यादवांच्या ‘झोंबी’तला वेचा ‘जूझ’ या नावाने आणि अ‍ॅन फ्रँकच्या डायरीतली काही पाने. एक पोरगा शाळेत जायला मिळावे म्हणून बापाशी झगडतो. दुसरीकडे एका मुलीला आधी ज्यूंच्या वेगळ्या शाळेत घालतात, मग तीही शाळा सुटते. पहिला पाठ आमच्या मुलांना आपसूक कळतो. दुसरा प्रश्नोत्तरांपुरता पाठ होतो.

गेल्या वर्षी माझ्या ओसरीवर रविवारी चार-सहा मुले जमत. डायरी वाचायला घेतली, तेव्हा एक जण म्हणाला, “पण सर, हिटलर शिस्तीचा होता ना?” मी रागावलो नाही. कडक मास्तरला, क्वचित घरच्या बापालाही, गमतीने ‘हिटलर’ म्हणणारी आमचीच पिढी. त्याचे आत्मचरित्र स्टेशनावरच्या स्टॉलवर बिनदिक्कत विकले जाते. माझ्या वयाच्या अनेकांना हा इतिहास प्रथम कळला तो वि. ग. कानिटकरांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’मधून. त्या ग्रंथाचे ऋण मोठे आहे. पण उदयास्ताच्या कथेत मध्यभागी सत्ताधीशच उभा असतो, खलनायक म्हणून का होईना. वाचकाच्या लक्षात त्याचे नाव राहते आणि मेलेल्यांचा राहतो आकडा. साठ लाख ज्यू, त्यांत सुमारे पंधरा लाख मुले.

दुसरा मुलगा म्हणाला, “लढाईत दोन्हीकडचे मरतातच की.” आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, मध्ये पळसाचे झाड. त्या प्रथेत माणसे जखमी होतात, दगावलीही आहेत, आणि तिचे समर्थन मी करणार नाही. पण तिथे काठ दोन असतात आणि दगड दोन्हीकडे असतात. अ‍ॅमस्टरडॅममध्ये एका बाजूला सरकार, पोलीस, याद्या आणि आगगाड्या होत्या. दुसऱ्या बाजूला सोळा वर्षांच्या मार्गोटच्या नावाने आलेला हजर होण्याचा हुकूम होता. तो आला ५ जुलै १९४२ ला. दुसऱ्या दिवशी फ्रँक कुटुंब लपायला गेले. याला लढाई म्हणता येत नाही, हे मुलांना या एका तारखेवरून उमगले.

डायरी मराठीत मंगला निगुडकरांनी आणली आहे. आपण ती कशी वाचतो, याबद्दल माझी तक्रार आहे. माणसाच्या चांगुलपणावर अ‍ॅनने १५ जुलै १९४४ रोजी ठेवलेला विश्वास आपण सुविचारासारखा फळ्यावर लिहितो. त्याच नोंदीत तिला जवळ येणारा विनाशही ऐकू येत होता, ते गाळतो. वीस दिवसांनी, ४ ऑगस्टला, ती पकडली गेली. दुसरी गोष्ट, आपण तिला केवळ निरागस बळी मानतो. मार्च १९४४ मध्ये रेडिओवर आवाहन झाले की युद्धकाळातल्या डायऱ्या जपून ठेवा. त्यानंतर ती आपली वही नव्याने लिहू लागली. कापत, जोडत, माणसांना टोपणनावे देत. ती लेखिका होती. तिला लेखिका म्हणून वाचणे हाही तिचा मान आहे.

पण डायरी दारापाशी थांबते. दारापलीकडचे परतलेल्यांनीच सांगायचे. म्हणून तिच्यानंतर लगेच व्हिक्टर फ्रँकलचे पुस्तक वाचावे, असे माझे मत आहे. ‘अर्थाच्या शोधात’ या नावाने विजया बापटांनी ते मराठीत आणले आहे. फ्रँकल ऑशविट्झमधून जिवंत परतला. त्याची पत्नी टिली मात्र बेर्गेन-बेल्सनला मेली. १९४५ च्या आरंभी अ‍ॅन आणि मार्गोट गेल्या त्याच छावणीत. हे पुस्तक अलीकडे यशाचा मंत्र म्हणून भेट दिले जाते, आणि ते मला खटकते. जे परतले ते श्रेष्ठ होते म्हणून परतले, असे फ्रँकल स्वतःही मानत नाही. त्यांत नशिबाचा वाटा मोठा होता. वाचलेल्याचा सन्मान करायचा तर त्याची साक्ष ऐकावी. त्याला विजेता ठरवू नये.

“पण सर, हे आपल्याशी कसे जोडायचे?” असे एका मुलीने विचारले. मी तिला रझांचे नाव सांगितले. आपल्याच प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात बाबरियाला १९२२ मध्ये जन्मलेला, नागपूरच्या कलाशाळेत शिकलेला हा चित्रकार मुंबईत गेला. तिथे ज्यांनी त्याच्या पिढीच्या चित्रांची कदर केली, त्यांत वॉल्टर लँगहॅमर, रुडॉल्फ फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर होते. तिघेही हिटलरच्या राजवटीमुळे युरोप सोडून आलेले. त्यांचे आगतस्वागत करणाऱ्या मुंबईजवळच्या कोकणात बेने इस्रायल शतकानुशतके मराठी बोलत राहिलेले. तेव्हा हा इतिहास परका म्हणून सोडून देता येत नाही.

२७ जानेवारी हा स्मरणाचा दिवस. २००६ पासून संयुक्त राष्ट्रे तो पाळतात. त्या संध्याकाळी मुलांनी भाषण ठेवले नाही. डायरीतली टोपणनावे बाजूला ठेवून त्या घरात लपलेल्या आठ जणांची खरी नावे त्यांनी मोठ्याने वाचली. ओटो, एडिथ, मार्गोट आणि अ‍ॅन फ्रँक, हर्मान, ऑगस्टे आणि पीटर व्हान पेल्स, फ्रिट्झ फेफर. एकीची आजी दाराशी बसून ऐकत होती. तिने विचारले, “यातले घरी किती आले, बाई?”

“एक, आजी. फक्त बाप आला.”

आजी काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “पोरीचं नाव पुन्हा सांग.” नातीने ते पुन्हा सांगितले.