निरोष्ठ रामायण आणि लंकेचे राज्य

मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) रामायणांची संख्या परंपरेने १०८ सांगितली जाते. बाबूजी नाइकांच्या आश्रयाने कऱ्हाकाठच्या बारामतीत राहिलेल्या या कवीने परक्या बेटावरील राज्यात शिरण्याची कथा पुनःपुन्हा हाताळली. आपल्या समीक्षेने मात्र या रचनांकडे बहुधा अक्षरांची कसरत म्हणूनच पाहिले. ती कसरत आहे हे नाकारण्याचे कारण नाही. तिच्यामुळे अर्थास काही वळण लागते की काय, एवढेच पाहावयाचे आहे.

‘निरोष्ठ रामायणा’चा विचार करू. येथे ओष्ठ्य वर्ण वर्ज्य. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील मंत्रगुप्त असा बोलतो, कारण त्याचा ओठच दुखावलेला आहे; पंतांस असे निमित्त नाही. रामकथेस हा नियम लावताच पहिला बळी पडतो तो खुद्द ‘राम’ या शब्दाचा. त्याच्यामागोमाग लक्ष्मण, भरत, हनुमान, मारुती, बिभीषण हेही जातात. उ आणि व यांचा कडक हिशेब धरल्यास ‘राघव’ व ‘रावण’ही उरत नाहीत. उरतात ती ‘दाशरथी’, ‘आंजनेय’ यांसारखी नावे, आणि दुसऱ्या बाजूस ‘लंकेश’. म्हणजे बाहेरून येणारे केवळ कुळावरून ओळखावयाचे आणि तेथला राजा आपल्या भूमीवरून! हा योगायोग वर्णमालेचा आहे, पंतांचा हेतू नव्हे. परंतु वाचकावर होणारा परिणाम हेतूची वाट पाहत नाही.

मूळ कथाही या परिणामास अनुकूल आहे. उत्तरकांडाप्रमाणे लंका आधी राक्षसांची होती. ते पाताळात गेल्यावर तेथे कुबेर राहिला आणि रावणाने ती परत घेतली. सुंदरकांडातील हनुमंतास तेथे वेदघोष ऐकू येतो. दूतास मारू नये हा बिभीषणाचा युक्तिवाद भर सभेत मान्य होतो. शेपूट पेटते, पण प्राण वाचतात. जेथे दूताविषयीचा असा नियम पाळला जातो, त्या बेटास अराजक कसे म्हणावे? युद्धानंतरही राम लंका अयोध्येस जोडीत नाही. ‘लंकेश’ हे पद बिभीषणाकडे, म्हणजे तेथल्याच माणसाकडे जाते.

आपल्या संशोधकांनी शक्ती खर्चिली ती मात्र लंका कोठे होती या प्रश्नावर. सरदार माधवराव किबे यांनी ती अमरकंटकाजवळ मानली, डॉ. सांकळिया यांनीही १९७३ च्या आपल्या ग्रंथात तिला मध्य भारतातच शोधले. तेलुगूत नदीतील बेटासही ‘लंका’ म्हणतात, हा मुद्दा वजनदार आहे. (त्या अर्थाने पाहिल्यास इंदापूर तालुक्यात नरसिंहपूरच्या नीरा-भीमा संगमाशी वाढलेल्या वाचकास ही कल्पना फारशी परकी वाटू नये.) परंतु स्थळ निश्चित झाले तरी तेथे कोणाच्या अनुज्ञेने जावयाचे हा प्रश्न उरतोच. अंदमान-निकोबारच्या मूळ रहिवाशांच्या प्रदेशात विनापरवाना जाण्यास १९५६ च्या विनियमाने मनाई केली. उत्तर सेंटिनेल बेटावरील लोकांनी तर पाहुण्यांस बाणांनीच उत्तर दिले आहे. २०१८ साली एक अमेरिकन तेथे मारला गेला.

त्या बेटास आपण काय म्हणतो? ‘उत्तर सेंटिनेल’ हे नाव बाहेरच्यांनी दिलेले आहे. तेथले लोक त्यास काय म्हणतात ते आपल्या एकाही ग्रंथात नाही.