ओरादूरच्या हत्याकांडाचे कागद आणि त्यांची पारख

समकालीन कागद पहिल्या प्रतीचा व मागाहून सांगितलेली हकीकत दुय्यम, हा दंडक आमच्या संशोधकांच्या अंगीं इतका मुरला आहे कीं, बखरीचें नांव काढतांच भुंवई वर चढते, आणि त्याच आठवड्याची तारीख असलेला चिठोरा हातीं आला म्हणजे वाद मिटला असें वाटूं लागतें. दंडक मोलाचा खराच. त्याच्याच बळावर पुष्कळ दंतकथांचा निकाल लागला. परंतु तो कोठें अपुरा पडतो हें पाहावयाचें असेल, तर फ्रान्समधील ओरादूर-सुर-ग्लान ह्या गांवच्या प्रकरणाइतकें बोधप्रद उदाहरण विरळा. तेथें घटनेच्या लगतचा लष्करी कागद खोटा आहे. आणि मरणाच्या दाढेंतून सुटलेल्या माणसांनीं तोंडी सांगितलेली, बोर्दोच्या न्यायालयांत साडेआठ वर्षांनीं पुन्हा उच्चारलेली हकीकत खरी आहे.

प्रथम घडलेली गोष्ट. लिमोझ शहराच्या वायव्येस वीस-बावीस किलोमीटरांवर हें गांव. ६ जून १९४४ रोजीं दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलें, आणि दक्षिणेंत तळ देऊन असलेली 'दास राइख' ही एस्. एस्. ची चिलखती डिव्हिजन फ्रेंच गनिमी टोळ्यांचा बीमोड करण्यासाठीं उत्तरेकडे निघाली. ९ जूनला तिनें तुल शहरांत ९९ पुरुषांना फांशीं दिलें. दुसऱ्या दिवशीं, शनिवारीं दुपारीं, तिच्या 'डर फ्युरर' रेजिमेंटच्या पहिल्या बटॅलियनमधील एका कंपनीनें आडोल्फ डीकमान ह्या बटॅलियन-प्रमुखाच्या हुकमतीखालीं ओरादूरला वेढा घातला. दवंडी पिटवून सर्वांस चौकांत जमविलें. पुरुषांना निरनिराळ्या कोठारांत व गाडीखान्यांत नेऊन गोळ्या घातल्या. बायका व मुलें चर्चमध्यें कोंडून तें पेटविलें. मृतांचा आंकडा ६४२ धरला गेला. प्रेतें इतकीं जळालीं होतीं कीं, दहांत एकाचीही ओळख पटली नाहीं. चर्चमधून एकच बाई वांचली, मार्गरीत रूफांश. आणि एका कोठारांतून प्रेतांच्या राशीखालून पांच जण निसटले. जे गांवांत लपून राहिले किंवा वेळींच पळाले, ते निराळे.

आतां त्या लष्करी कागदाकडे वळूं. बटॅलियनच्या कामगिरीबद्दल वर गेलेल्या अहवालांत असें नमूद आहे कीं, १० तारखेस दुपारीं दीडच्या सुमारास ओरादूरला वेढा दिला, झडती घेतली, मग गांव जाळलें. जवळजवळ प्रत्येक घरांत दारूगोळा सांठविलेला होता. शत्रूचे मृत ५४८. आपल्याकडील मृत एक, जखमी एक. तारीख आहे, हुद्दा आहे, आंकडे आहेत. एखाद्या दप्तरांत असा कागद सांपडला असता तर आपण तो अस्सल म्हणून छापला असता, आणि तो अस्सल आहेच. अस्सलपणा आणि खरेपणा ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, एवढेंच येथें ध्यानांत घ्यावयाचें. ५४८ विरुद्ध एक, असा हिशेब कोणत्याही लढाईचा नसतो. शिवाय त्या एका मृताची कहाणी अशी कीं, चर्च उडवितांना वरून कोसळलेल्या दगडानें तो अधिकारी मेला. शत्रूच्या गोळीनें नव्हे. चर्चचा, बायकांचा किंवा मुलांचा त्या अहवालांत उच्चारही नाहीं. सारीं 'शत्रू' ह्या एका शब्दांत गेलीं.

ह्याच अहवालाच्या बीजावर पुढें एक बखर उगवली. 'डर फ्युरर' रेजिमेंटचा शेवटचा प्रमुख ओटो वायडिंगर ह्यानें युद्धानंतर रेजिमेंटच्या इतिहासांत व पुढें ओरादूरवरील पुस्तिकेंत जें प्रतिपादन केलें, त्याचा मथितार्थ असा : बायकामुलांना मारण्याचा कोणाचा हेतु नव्हता, घरांची आग चर्चला लागली, छपरांत गनिमांनीं दारूगोळा लपविला होता, त्याचा स्फोट झाला. हा गृहस्थ त्या दुपारीं गांवांत नव्हता. तो जें सांगतो तें वरिष्ठांकडून व डीकमानच्या तोंडून ऐकल्याप्रमाणें, आणि डीकमान २९ जून १९४४ रोजींच नॉर्मंडीत मारला गेला. मेलेल्या माणसाच्या तोंडीं घातलेल्या वाक्याची किंमत किती, हें आमच्या वाचकांना सांगावयास नको. घराण्याची अब्रू राखण्यासाठीं लिहिलेल्या कैफियती आपण थोड्या का चाळल्या आहेत?

ह्यासमोर रूफांशबाईंची जबानी ठेवावी. शिपायांनीं आंत एक पेटी आणून ठेवली, तींतून दोऱ्या लोंबत होत्या. त्या पेटवितांच घुसमटविणारा काळा धूर झाला. मग गोळ्या सुरू झाल्या, आणि शेवटीं गवत, लांकडें, खुर्च्या रचून आग लावली. त्यांची मुलगी त्यांच्या शेजारींच गोळी लागून पडली. वेदीमागच्या खिडकींतून त्यांनीं उडी टाकली. मागून एक बाई तान्हें मूल घेऊन आली, तीं दोघेंही मारलीं गेलीं. त्या स्वतः पांच गोळ्या लागलेल्या स्थितींत वाटाण्याच्या वाफ्यांत दुसऱ्या दिवसापर्यंत पडून राहिल्या. आग अपघातानें लागली असती, तर खिडकींतून सुटणाऱ्यांवर बाहेरून गोळ्या कोणी व कां झाडल्या? ह्या एका प्रश्नापुढें वायडिंगरची इमारत ढासळते. साक्षीदार एकटीच आहे, हा आक्षेप कांहीं जण घेतात. परंतु बायकामुलांना चर्चकडे हांकीत नेल्याचें बोर्दोला आरोपींपैकीं अनेकांनीं स्वतःच सांगितलें; आणि स्वतःच्या हिताविरुद्ध दिलेली कबुली ही कोणत्याही शिक्क्याहून भारी असते. पुढें १९८३ मध्यें पूर्व बर्लिनमध्यें हाइन्झ बार्ट ह्या प्लॅटून-प्रमुखावर खटला चालला, तेव्हां पुरुषांवर गोळ्या झाडण्याचा हुकूम दिल्याचें त्यानेंही मान्य केलें. त्यास जन्मठेप झाली. १९९७ मध्यें तो सुटला.

तथापि न्यायालयाचें दप्तर म्हणजे इतिहास, असेंही समजूं नये. बोर्दोचा खटला १२ जानेवारी १९५३ रोजीं सुरू झाला. हजर आरोपी २१. त्यांत जर्मन सात आणि अल्सास प्रांतांतले चौदा. अल्सास जर्मनीनें १९४० मध्यें गिळला होता, आणि ह्या चौदांतले तेरा सक्तीनें भरती केलेले. एकच स्वखुशीनें गेलेला. हुकूम देणाऱ्यांपैकीं एकही पिंजऱ्यांत नव्हता : डीकमान मेलेला, डिव्हिजनचा प्रमुख लामरडिंग पश्चिम जर्मनींत व्यवसाय करीत होता, तो कधींच फ्रान्सच्या हवालीं झाला नाहीं व १९७१ मध्यें मेला. म्हणून हुकूम नेमका कोणाचा व काय होता ह्याविषयीं तें दप्तर दुबळें आहे. खालच्या शिपायांनीं काय केलें ह्याविषयीं सबळ. तेथेंही प्रत्येक आरोपी इतरांविषयीं जितका मोकळेपणानें बोलतो, तितका स्वतःविषयीं बोलत नाहीं.

१३ फेब्रुवारीच्या निकालानें एक जर्मन व तो स्वखुशीचा अल्सेशियन ह्या दोघांस देहान्त, आणि एका निर्दोष सुटलेल्या जर्मनाखेरीज बाकीच्यांस निरनिराळ्या मुदतींच्या शिक्षा झाल्या. अल्सासमध्यें एकच गहजब उडाला : आमच्या पोरांना शत्रूनें ओढून नेलें, आणि आतां आपलेच लोक शिक्षा करितात! आठवडा लोटतो न लोटतो तोंच फ्रेंच संसदेनें माफीचा कायदा केला, आणि ते तेरा जण घरीं गेले. देहान्ताच्या शिक्षाही अंमलांत आल्या नाहींत. ओरादूरच्या लोकांनीं सरकारनें दिलेलीं मानचिन्हें परत केलीं, माफीच्या बाजूनें मत देणाऱ्या सभासदांच्या नांवांचे फलक गांवाच्या तोंडाशीं लावले, आणि पुढें कित्येक वर्षें सरकारी प्रतिनिधींना स्मरणदिनास येऊं दिलें नाहीं. दोन्ही पक्षांचें दुःख खरें होतें. पण आमच्या मतें संसदेनें हा गुंता सोडविला नाहीं, कापला. सक्ती झाली होती हें मान्य करूनही प्रत्येकाच्या हातून काय घडलें हें तपासणें शक्य होतें, आणि न्यायालयानें आपल्या परीनें तें आरंभिलेंही होतें.

हा वाद पुढें शब्दांपर्यंत येऊन ठेपला. कोठारांतून वांचलेल्या पांचांपैकीं रोबेर एब्रास ह्यांनीं आपल्या पुस्तकांत त्या सक्तीविषयीं शंका व्यक्त करणारें वाक्य लिहिलें. अल्सासमधील माजी सैनिकांच्या संघटनांनीं फिर्याद केली. २०१२ मध्यें कोलमारच्या अपील न्यायालयानें एब्रास ह्यांच्याविरुद्ध निकाल दिला, व २०१३ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें तो फिरविला. एब्रास ह्यांची ती शंका इतिहास म्हणून आम्हांस मान्य नाहीं. सक्तीच्या भरतीचा १९४२ चा हुकूम उपलब्ध आहे. पण कोठारांत काय झालें ह्याविषयींची त्यांची साक्ष त्यामुळें रेसभरही हलकी होत नाहीं. जें पाहिलें आणि ज्याविषयीं मत बनविलें, हे एकाच ग्रंथांतले दोन भाग निरनिराळे तोलावे लागतात.

शेवटीं मृतांच्या आंकड्याविषयीं. गांवाचे अवशेष १९४६ च्या कायद्यानें जसेच्या तसे राखले आहेत, आणि ६४२ हा आंकडा सर्वत्र इतका रूढ झाला कीं, त्यास कोणी हात लावील असें वाटत नव्हतें. ओरादूरला स्पेनमधून आलेलीं निर्वासित कुटुंबेंही होतीं. त्यांचे कागद एका स्पॅनिश संशोधकानें चिकाटीनें जुळविले, तेव्हां यादींतून गळालेली एक वृद्धा निघाली. २०२० मध्यें तिच्या मृत्यूची अधिकृत नोंद झाली. आतां आंकडा ६४३ आहे.