लिंबू, मिरची आणि लोहचुंबक

ज्याने आयुष्यात एकही कादंबरी लिहिलेली नाही, त्यानेच कादंबरीवर अधिकारवाणीने लिहावं, अशी आपल्याकडे थोर परंपरा आहे. तिला अनुसरून, ज्याच्या नावावर एका स्कूटरखेरीज काही नाही असा मी, आज जुन्या मोटारींवर समीक्षा लिहायला बसलो आहे. माझी पात्रता एवढीच, की मी बी.कॉम. आहे, बँकेत कारकून आहे आणि वीस वर्षं दुसऱ्यांच्या कर्जाचे कागद तपासून माझी नजर कायमची बिघडली आहे. कोणी हसून हात पुढे केला, तर मला आधी त्याच्या सहीचा नमुना पाहावासा वाटतो.

जुनी मोटार, आणि त्यातूनही जुनी वेगवान मोटार, हा एक दोन खंडांचा ग्रंथ असतो. पहिला खंड म्हणजे जाहिरात आणि दुसरा खंड म्हणजे प्रत्यक्ष गाडी. दोन्ही खंडांचा लेखक एकच असेल यावर विश्वास बसत नाही. पूर्वी हा पहिला खंड वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींत छापून येई, आता तो मोबाइलवर येतो. भाषा मात्र तीच राहिली आहे. ‘सिंगल हँड ड्रिव्हन’ असं वाचलं की मला वाटतं, दुसरा हात बहुतेक कानाला मोबाइल धरण्यात गुंतलेला असावा. ‘डॉक्टरांनी वापरलेली’ ही दुसरी लाडकी ओळ. डॉक्टर लोक स्वतःच्या प्रकृतीकडे किती लक्ष देतात हे ज्यांनी पाहिलं आहे, ते या ओळीने सावध होतात. आणि ‘एक रुपयाचाही खर्च नाही’ हे वाक्य तर वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना अभ्यासाला लावावं. खर्च नाही याचा एक अर्थ असाही होतो, की आजवर मालकानेही तो केलेला नाही.

साधी, घरगुती गाडी आमच्यासारखी असते. दहाला निघते, सहाला परत येते आणि रविवारी सासुरवाडीला जाते. तिच्या अंगात बिघाड असले तरी ते सोसवतात. वेगवान गाडीचं तसं नसतं. ती ज्याने ज्याने घेतली, त्याने ती पळवण्यासाठीच घेतलेली असते. आपल्याकडे २००१ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटची पॅलिओ १.६ निघाली. सोळाशे सी.सी., शंभर अश्वशक्ती, आणि पॅलिओच्या जाहिरातीत साक्षात सचिन तेंडुलकर. मग २००४ साली स्कोडाची ऑक्टेव्हिया आर.एस. आली, दीडशे अश्वशक्तीची आणि टर्बोची. तेव्हा कॉलेजात असलेल्या पोरांनी या गाड्यांची चित्रं वहीत जपून ठेवली. आज ती पोरं चाळिशीकडे झुकली आहेत. त्यांच्याकडे थोडे पैसे आले आहेत आणि गाड्यांकडे थोडा गंज.

आता समीक्षेकडे येतो. माझी पहिली तक्रार विकणाऱ्यांबद्दल नाहीच, ती घेणाऱ्यांबद्दल आहे. गाडी पाहायला गेलेला मराठी माणूस पहिल्यांदा टायरला लाथ मारतो. टायर फुटबॉल नाही, हे त्याला माहीत असतं. तरी मारतो. मग तो बॉनेट उघडायला लावतो, आत डोकावतो आणि अंत्यदर्शनाला आल्यासारखा गंभीर चेहरा करून ‘हं’ म्हणतो. हॉर्न वाजवतो. ए.सी. लावून तोंडावर वारा घेतो. शेवटी ‘ॲव्हरेज किती देते?’ असं विचारतो आणि मिळेल ते उत्तर खरं मानतो. लाखालाखांचा व्यवहार संपला! हाच गृहस्थ मंडईत दोन रुपयांच्या लिंबासाठी पंधरा लिंबं दाबून पाहतो.

लिंबावरून आठवलं. अमेरिकेत फसव्या, बिघडलेल्या गाडीला ‘लिंबू’ म्हणतात. जॉर्ज ॲकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली या लिंबांच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो साभार परत केला होता, ही गोष्ट समस्त लेखकवर्गाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे २००१ साली ॲकरलॉफना आणखी दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांचं म्हणणं आमच्या शाखेतल्या शिपायालाही पटेल असं आहे. गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा अंदाजाने मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक नुकसानीत जातो आणि वाईट गाडीचा मालक फायद्यात. मग चांगला माणूस बाजारातून गाडी काढून घेतो आणि बाजारात उरतात ती लिंबं. आपण तर एक पाऊल पुढे आहोत. आपण लिंबू विकत घेतो, आणि त्याच्या बंपरला दुसरं लिंबू मिरच्यांसकट टांगतो. दृष्ट लागू नये म्हणून एवढी काळजी, पण घेण्याआधी दृष्टी वापरायचा मात्र कंटाळा.

हे सगळं मी पुस्तकी सांगत नाही. आमच्या शाखेतला एक तरुण अधिकारी गेल्या वर्षी पॅलिओ १.६ च्या शोधात होता. मला तो ‘साहेब’ म्हणत नाही आणि मी त्याला ‘सर’ म्हणत नाही, यावरून आमचा स्नेह लक्षात यावा. कागद तपासायला म्हणून तो मला बरोबर नेई. मी घरून एक हत्यार घेतलं होतं, ते म्हणजे फ्रिजवर चिकटवायचा लोहचुंबकाचा छोटा गणपती. लोखंडाचा पत्रा असेल तिथे चुंबक चिकटतो. पत्रा सडल्यावर तिथे लांबी भरून वर रंग मारला असेल, तर चिकटत नाही. खाली रुमाल धरावा, म्हणजे रंगावर ओरखडा जात नाही. (बंपर प्लास्टिकचा असतो. तिथे चिकटलं नाही म्हणून कोणी भांडू नये.)

पहिली गाडी एका दलालाकडे होती. लालभडक, आरशासारखी चकचकीत. दारावर गणपती छान विराजमान झाले. बॉनेटवर झाले. दाराखालच्या रनिंग बोर्डावर ठेवले, तर घसरून थेट मातीत. पुन्हा ठेवले, पुन्हा तेच. दलालाचा चेहरा उतरला आणि त्याने तो सुप्रसिद्ध प्रश्न विचारला, ‘‘काय साहेब, माणसावर विश्वास नाही का?’’

या एका प्रश्नाने महाराष्ट्रात जेवढ्या सडक्या गाड्या खपल्या असतील, तेवढ्या कुठल्याही जाहिरातीने खपल्या नसतील. आपण शरमतो. खाली वाकून पाहणं म्हणजे समोरच्याच्या खानदानावर शंका, असं आपल्याला वाटतं. वास्तविक आजच्या मोटारीला जुन्या जीपसारखी वेगळी चौकट नसते. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा असतो, आणि दाराखालचे ते दोन रनिंग बोर्ड म्हणजे त्यातली महत्त्वाची हाडं. बाजूने ठोकर बसली, की माणूस आणि ट्रक यांच्यामध्ये तेवढंच असतं. तिथे पत्र्याऐवजी लांबी असेल, तर विश्वास ठेवून काय उपयोग? शंभर अश्वशक्तीला विश्वासाने ब्रेक लागत नाही.

दुसरी गाडी डोंबिवलीत एका निवृत्त काकांची होती. त्यांनी आम्हांला पाणी दिलं, आणि आम्ही काही विचारायच्या आधीच म्हणाले, ‘‘मागच्या उजव्या चाकाच्या कमानीत रुपयाएवढा गंज आहे. स्टेपनीच्या खळग्यातही आहे. आधी ते बघा, मग चहा घेऊ.’’

काकांनी स्वतः डिकीतला गालिचा उचलला, स्टेपनी बाहेर काढली. पावसाचं पाणी साचतं ते इथेच, आणि पायाखालच्या गालिच्यांच्या तळाशी. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती चिखलाने बुजली, की दार आतून सडतं आणि वरचा रंग फुगून फोड येतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून हा फोड. बाहेर दिसतो चार आण्यांएवढा, आत तो रुपयाचा असतो. व्याजासारखाच.

इंजिन त्यांनी मुद्दाम थंड ठेवलं होतं. हा प्रामाणिकपणाचा दाखला समजावा. तुम्ही पोचण्याआधीच बॉनेट गरम असेल, तर सकाळची पहिली खोकल्याची उबळ तुम्हांला ऐकवायची नव्हती, असं धरून चाला. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर थंडाव्याचं पाणी आत शिरतंय. ऑइलचं झाकण उघडून आतून पाहावं. तिथे दुधाळ कॉफी दिसली, तर काकांच्या घरचा चहादेखील घेऊ नये, उठावं. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याची पावती मागावी. अशा सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनात तो पट्टा तुटला, की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि इंजिन दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. काकांनी पावत्यांची फाइल काढली. तारखेवार लावलेली. ती पाहून माझे डोळे पाणावले. बँकेत अशी फाइल मी फार वर्षांत पाहिली नव्हती.

आमच्या अधिकाऱ्याने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला. ही युक्ती २६ जुलै २००५ नंतर मुंबईकर शिकला. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. सीटा धुता येतात, अत्तर मारता येतं, पण गुंडाळलेल्या बेल्टच्या शेवटच्या हातभर पट्ट्यावरची गाळाची रेघ कोणी धूत नाही. सीटच्या रुळांवरचा गंजही कोणी पुसत नाही. या गाडीत दोन्ही नव्हतं.

मग माझा प्रांत आला. पुस्तकावरचा आणि गाडीवरचा चेसिस नंबर अक्षर न् अक्षर जुळतो का? बँकेचा बोजा उतरला आहे का? कर्ज फेडलं म्हणजे बोजा आपोआप उतरतो, असा बऱ्याच लोकांचा समज असतो. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आर.टी.ओ.त गेल्याशिवाय तो उतरत नाही. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं पुन्हा पासिंग झालं आहे का, आणि ते किती वर्षं शिल्लक आहे? फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, तरी नाव प्रत्यक्ष बदलेपर्यंत मिठाई वाटू नये.

सगळं जुळलं. तेव्हा काकांनी सहज सांगितलं, की गाडी सात महिने पडून होती. येणारा प्रत्येक जण गंजाचं ऐकायचा, ‘कळवतो’ म्हणायचा आणि परत यायचा नाही. आणि दलालाची ती लाल गाडी? आम्ही पाहिल्यानंतर तिसऱ्या दिवशी विकली गेली. कोण्या तरुणाने घेतली म्हणे. त्या रनिंग बोर्डांमागे आज कोण बसतं, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

म्हणून माझी ही समीक्षा, आणि ती वाचकांचीच आहे. जो दोष सांगतो त्याच्याकडे आपण पाठ फिरवतो आणि जो रंग लावतो त्याला आगाऊ रक्कम देतो. मग बाजारात लिंबंच का, म्हणून गळा काढतो. तपासणं हा अविश्वास नव्हे. खऱ्या माणसाला त्याचा खरा भाव मिळण्याचा तो एकच रस्ता आहे. लोहचुंबकाची भीती वाटते ती ज्याने लांबी भरली त्याला. ज्याच्याकडे पत्रा आहे, तो स्वतःच रुमाल आणून देतो.

तेव्हा जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा सकाळी जा, उजेडात जा, जुनी पँट घालून जा, कारण खाली आडवं व्हायचं आहे. जमलं तर ओळखीचा मेकॅनिक न्या आणि गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहा. आणि कोणी आपणहून बोट ठेवून गंज दाखवला, तर दुरुस्तीचा हिशेब जरूर मांडा, पण भाव पाडताना आवाज जरा खाली ठेवा.